खोलीचे बूट

परळला एका चाळीत आमच्या गावची खोली होती. गावातून जो कोणी मुंबईला कामाला जाई तो आधी तिथेच ट्रंक टाकायचा. दहा बाय बाराच्या त्या जागेत आम्ही अठराजण होतो. कोणी दिवसपाळीचे, कोणी रातपाळीचे, त्यामुळे झोपायला जागा कशीबशी पुरायची. खोलीचा कारभार एक वयस्क गिरणी कामगार बघत. त्यांना सगळे कारभारी म्हणत. नियम त्यांनी वहीच्या पानावर लिहून दाराच्या मागे चिकटवले होते. खिडकीशेजारच्या खिळ्याला एक कापडी पिशवी लटकलेली असे. तिच्यात खोलीचे बूट होते.

ते काळे, नाडीचे, नऊ नंबरचे बूट होते. पूर्वी कधीतरी आमच्या गावचा एकजण चपला घालून मुलाखतीला गेला आणि दारातूनच परत आला. तेव्हा सगळ्यांनी मिळून ते घेतले होते. नोकरीची मुलाखत, परीक्षा किंवा मुलगी बघायला जाणं, एवढ्याच तीन कामांना ते मिळत. ज्याचा पाय लहान असेल त्यानं पुढे कागद कोंबायचा. आल्यावर पॉलिश करून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून परत पिशवीत ठेवायचे. टाचा तीनदा बदलल्या होत्या. उजव्या तळाला चांभारानं टायरचा तुकडा लावला होता. डाव्या बुटाला वरून एक शिवण होती, ती पॉलिशखाली लपायची. ते बूट घालून गेलेले काहीजण शाळेत शिपाई लागले, एक बेस्टमध्ये लागला. खोलीतली माणसं त्या बुटांबद्दल बोलताना जरा हळू आवाजात बोलत.

मी तिथे आलो तो एकोणीसशे नव्याण्णवच्या जूनमध्ये. गुहागर तालुक्यातलं आमचं गाव, अंजनवेलपासून पायी तासाभरावर. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वाडीतही नव्हतं. बारावीला मार्क चांगले पडले म्हणून दक्षिण मुंबईतल्या एका नावाजलेल्या कॉलेजात कॉमर्सला प्रवेश मिळाला. कमावता नसलेला माणूस खोलीत ठेवायचा की नाही यावर गावच्या मंडळाची बैठक झाली. शेवटी, आपला एक पोरगा शिकतोय तर शिकू दे, असं ठरलं. अट एकच होती, वागणं सरळ हवं. खोलीत मला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे मला ‘कॉलेज’ म्हणत. संध्याकाळी दारात पाय ठेवला की कोणीतरी विचारायचं, “काय कॉलेज, आज काय शिकून इलास? आमाला पण सांग, नायतर भात नाय.”

माझ्या बाजूला वरच्या घरातला दादा झोपायचा. आमच्या घराच्या वरच्या अंगाला त्याचं घर म्हणून तो वरच्या घरातला. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, सहा फूट उंच, दहावी नापास. अंजनवेलजवळ विजेचा प्रकल्प उभा राहत होता तेव्हा तो तिथे ठेकेदाराकडे कामाला होता. त्या दिवसांत रात्री आम्ही मुलं कातळावर जाऊन प्रकल्पाचे दिवे बघत बसायचो. काळोखात नुसता झगमगाट. मला वाटायचं, मुंबई अशीच असणार. दादा कामावरून यायचा आणि सांगायचा, “लांबसून चांगला दिसता. आत गेलास की नुसते बल्ब आणि चिखल.” पुढे ते काम संपलं आणि दादा मुंबईला आला. वर्षभर मिळेल ते करत होता, कधी गोदीत, कधी लग्नाच्या मांडवांचं सामान वाहायला.

कॉलेजात मला एक मित्र झाला. मराठीच, पण आमच्यासारखा नाही. त्याचं घर सतराव्या मजल्यावर होतं. अकाउंट्सचा विषय त्याला जमत नसे आणि मला जमायचा, त्यातून ओळख झाली. तो मनानं वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. शनिवारी तो आणि त्याचे चार-पाच मित्रमैत्रिणी फिरायला निघत आणि मलाही बरोबर घेत. मरीन ड्राइव्ह, कुलाब्याची हॉटेलं, गाड्यांच्या काचा खाली करून लावलेली गाणी. मी मागच्या सीटवर बसायचो. कोणी काही विचारलं तर हसायचो. खोलीत आल्यावर मात्र मी हे सगळं रंगवून सांगायचो. माणसं ताटावरून हात थांबवून ऐकायची. मला ते आवडायला लागलं होतं, हे इथे लिहायला हवं.

एका शनिवारी ते सगळे समुद्रासमोरच्या एका मोठ्या हॉटेलातल्या डिस्कोत निघाले. दारात काळ्या शर्टातले दोघे उभे होते. त्यातल्या एकानं माझ्या पायांकडे बघितलं आणि मान हलवली. चपला चालत नाहीत. मित्र म्हणाला, “तू जरा थांब ना, आम्ही एक तासात येतो.” मी समोर समुद्राच्या कठड्यावर बसलो. ते अडीच तासांनी आले, घामानं भिजलेले, मोठमोठ्यानं बोलत. मी थांबलोय हे बघून एका मुलीला आश्चर्य वाटलं. “तू अजून इथेच?” ती म्हणाली. त्या रात्री खोलीत मी सांगितलं की आत जाऊन आलो.

त्यानंतर महिन्याभरात दादाला त्याच हॉटेलात मुलाखतीचं बोलावणं आलं. खोलीतल्या एकाच्या ओळखीचा माणूस तिथे कपडे धुण्याच्या विभागात होता, त्यानं नाव लावलं. दारावर उभं राहायचं काम होतं. पाहुण्यांच्या गाडीचं दार उघडायचं, सलाम करायचा. उंच माणूस हवा होता. कायमची नोकरी, वर्दी, जेवण. दादाचं लग्न दोन वर्षं नोकरीपायी अडलं होतं. मुलीकडच्यांनी शिमग्यापर्यंत वाट बघू, असं कळवलं होतं.

आठवडाभर रोज संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत तालीम चालली. दादा खोलीचे बूट घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचा. ते त्याला अगदी मापात बसत. बाकीचे आळीपाळीनं पाहुणे व्हायचे. बेस्टमधला काका खुर्चीवर गाडीत बसल्यासारखा बसायचा आणि दादानं हवेतलं दार उघडलं की उतरायचा.

“पाठ सरळ ठेव. म्हशीमागनं जातोस काय?”

“काका, तुमी उतरा आधी. गाडी कधीची उभी हाय.”

“उतरतो रे. आमी साहेब लोक, आमाला घाई नसता.”

कारभारी हसत नसत. ते फक्त पायांकडे बघत आणि म्हणत, चाल चांगली हाय, चालीवर घेतील.

मुलाखत शुक्रवारी सकाळी दहाला होती. आणि गुरुवारी माझ्या मित्राचा वाढदिवस होता. आधी डिस्को, मग त्याच्या घरी. त्यानं मला सांगितलं, “या वेळी बूट घालून ये हं.” सगळे हसले, मीही हसलो.

मी कोणाकडून तरी बूट मागू शकलो असतो, किंवा जाणार नाही असं सांगू शकलो असतो. आज या दोन्ही गोष्टी सोप्या वाटतात. त्या वेळी मी कारभाऱ्यांना सांगितलं की कॉलेजात बक्षीस समारंभ आहे, मला अकाउंट्सचं पहिलं बक्षीस आहे. खोलीत एकदम गलका झाला. बक्षीस हे नियमात नव्हतं, पण परीक्षेतच धरायला हरकत नाही, असं कारभाऱ्यांनी ठरवलं. मग ते दादाकडे बघून मला म्हणाले, उद्या याला लागणार आहेत, याला विचार.

दादानं स्वतः पिशवी खाली काढली. मी नको म्हणत असताना त्यानं बसून पॉलिश केलं. पुढे कोंबायला कागद फाडला, माझा पाय हातात धरून अंदाज घेतला आणि पुन्हा थोडा कागद वाढवला. “बक्षीस घ्यायला जाशील तवा पाय घासत चालू नको,” तो म्हणाला. “आणि राती ये. मला सकाळी नवाला निघायचा हाय.”

मी म्हटलं, “दहाच्या आत येतो.”

डिस्कोच्या दारात या वेळी कोणी अडवलं नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला एक निळा शिक्का मारला आणि आत सोडलं. आत काळोख होता. छताला फिरणारे दिवे होते आणि आवाज इतका होता की छातीत धडधडत होतं. मी लिंबूपाणी घेतलं. एकदा मला ओढून नाचायला नेलं, तेव्हा बुटातला कागद सरकला आणि पाय आतल्या आत घसरायला लागला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. घड्याळ बघायला उजेड नव्हता. हे वाक्य मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. बाहेर जाऊन बघता आलं असतं.

तिथून साडेबाराला मित्राच्या घरी गेलो. सतराव्या मजल्यावर लिफ्ट उघडली की पुढे संगमरवरी पडवीसारखी जागा आणि त्याचं दार. दार उघडल्याबरोबर समोर कोनाड्यात गणपती दिसला, पुढे समई. सगळे बूट घालूनच त्याच्यासमोरून आत गेले. मला ते जमलं नाही. मी बाहेरच वाकून नाड्या सोडल्या. दारासमोर बूट नकोत म्हणून बाजूला, भिंतीकडे नीट जोडून ठेवले. तिथे एक काळी प्लॅस्टिकची पिशवी होती, तोंड बांधलेली. कोणाचं तरी सामान असेल असं मला वाटलं. आमच्याकडे कचरा परसातल्या खड्ड्यात जातो आणि चाळीत प्रत्येकजण आपला आपण कुंडीत नेऊन टाकतो. कचरा दाराबाहेर ठेवायचा आणि तो आपोआप नाहीसा होतो, हे मला माहीत नव्हतं.

आत केक कापला, गाणी लागली. खिडकीतून अख्खी मुंबई दिसत होती. मला कातळावरचे दिवस आठवले. निघतो म्हटलं तर मित्र म्हणाला, आता काय मिळणार तुला, पहाटे जा. मी कोचावर टेकलो. जाग आली तेव्हा साडेसात वाजले होते.

बाहेर बूट नव्हते. काळी पिशवीही नव्हती.

जिन्यात एक बाई झाडू मारत होती, माझ्या आईच्या वयाची. मी तिला विचारलं. ती आधी माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघत राहिली.

“ते तुझे होते? मला वाटलं साहेबांनी फेकायला काढलेत. तळाला टायर लावलेला होता रे बाळा.”

ती माझ्याबरोबर खाली आली. मोठे डबे रिकामे होते. गाडी पाचलाच येऊन गेली होती. ती सारखी म्हणत होती, मला वरती सांगू नका, मी मुद्दाम नाही केलं. मी तिला नाही सांगत म्हटलं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. अठरा माणसं ज्या वस्तूकडे बघून आवाज हळू करत, ती तिला कचरा वाटली आणि त्या मजल्यावर कोणालाही तशीच वाटली असती.

मित्र डोळे चोळत बाहेर आला. “अरे, पण तू काढलेसच कशाला?” त्यानं विचारलं. मग आतून स्वतःचे पांढरे स्पोर्ट्स शूज आणून दिले. “ठेव तुला, मी घालत नाही.” त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता, आणि खरं तर त्यानं जुन्याच्या बदल्यात चांगलेच दिले होते.

बस मिळून मी खोलीत पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. दादा आंघोळ करून तयार होता. इस्त्रीचा शर्ट, काळी पॅन्ट. मांडीवर कागदांची फाइल. ट्रंकेवर बसला होता आणि पायात काळे मोजे चढवलेले होते. मोज्यांतले ते दोन पाय जमिनीवर शेजारी शेजारी ठेवलेले होते, वाट बघत असल्यासारखे. एवढंच चित्र मला नीट आठवतं. खोलीतले बाकीचे काय बोलले ते सलग आठवत नाही. बक्षीस कुठे आहे, असं कोणीतरी आधी विचारलं. मग सगळ्यांचं लक्ष माझ्या पायातल्या पांढऱ्या बुटांकडे गेलं.

मी सांगितलं की समारंभाच्या हॉलबाहेर चपला-बूट काढायला लावले आणि तिथून चोरीला गेले. म्हणून पोलिसात जाऊन बसलो होतो. हे बूट मित्रानं दिले. एवढं खोटं मी एका दमात बोललो.

कारभारी म्हणाले, “आधी याच्या पायाचा बघा. बाकीचा मागनं.”

पांढरे बूट दादाच्या पायात निम्म्यातच अडले. दोघेजण शेजारच्या खोल्यांत धावले. तिसऱ्या मजल्यावरून एकाचे तपकिरी बूट मिळाले, आठ नंबरचे, टोकाला निमुळते. दादानं पाय कसाबसा आत घातला, उभा राहिला, आणि निघून गेला. जाताना माझ्या मनगटाकडे त्याची नजर गेली होती. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

तो दुपारी तीनला आला. बूट हातात होते. तो चाळीच्या पायऱ्यांपासून मोज्यांवर चालत आला होता आणि दोन्ही टाचांशी मोजे लाल झाले होते. कारभाऱ्यांनी त्याला पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं. कागद बघितले, उंची मोजली, सगळं ठीक होतं. शेवटी एका लांब फरशीवरून चालून दाखवायला सांगितलं. तो चालला. साहेबानं परत चालायला लावलं. मग विचारलं, पायाला काही दुखापत झाली होती का.

“मी बोललो, नाय, बूट घट्ट हायत. तो बोललान, सगळे असाच सांगतात.”

हे सांगताना तो हसला. बेस्टमधला काका हसला नाही. त्यानं खुर्ची भिंतीला लावून ठेवली.

पुढच्या महिन्यात दादा गावी गेला तो परत आला नाही. त्याच्यासाठी थांबलेल्या मुलीचं लग्न त्या शिमग्यानंतर दुसरीकडे झालं, हे मला आईच्या पत्रातून कळलं. आईला लिहिता येत नाही, शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं पत्र होतं, त्यात ते एका ओळीत होतं. गणपतीच्या आधी खोलीनं नवे बूट घेतले. ते कारभाऱ्यांच्या ट्रंकेत कुलपात राहू लागले. खिळा रिकामाच राहिला.

मी मात्र तिथेच राहिलो. कोणी मला जायला सांगितलं नाही. मित्राबरोबर शनिवारी जाणं मी बंद केलं, त्यानं दोन-तीनदा विचारलं आणि सोडून दिलं. पण त्यानं दिलेले बूट मी फेकले नाहीत. एकदा वाटलं होतं, कुठेतरी ठेवून यावेत. पण ते मजबूत होते, पावसातही चालत, आणि माझ्याकडे दुसरे नव्हते. बी.कॉम. होईपर्यंत मी तेच घातले. रोज सकाळी पाय आत घालताना लाज वाटायची, असं लिहिलं तर बरं दिसेल. पहिले काही महिने वाटायची. नंतर सवय झाली.

आता मी रत्नागिरीला बी.एड. करतो आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर गावाहून परत येताना चिपळूणच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरलो, तेव्हा फाटकाबाहेर दादा दिसला. अंगात निळा गणवेश, खांद्याला डबा. लोट्याला रसायनांच्या कारखान्यात तो ठेकेदाराकडे लागला होता आणि कंपनीच्या बसची वाट बघत होता. लग्न झालं होतं, दुसऱ्या मुलीशी. हाताच्या पाठीवरची कातडी पांढुरकी, सोललेली होती. मी बघतोय हे कळल्यावर त्यानं हात खिशात घातले.

“काय कॉलेज,” तो म्हणाला. “मास्तर होतोस असा ऐकला.”

मग त्यानं एक पाय पुढे करून दाखवला. जाड काळे बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले. “कंपनीचे. वर्षाला एक जोड देतात. आता कोणाकडं मागाय नको.”

त्यानं ते टोमण्यानं म्हटलं की सहज, मला कळलं नाही. मला वाटलं आता सांगायलाच हवं. तीन वर्षं मनात जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं. “दादा, त्या दिवशी कॉलेजात कार्यक्रम नव्हता.”

“ठाऊक हाय.”

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “तुज्या हाताला निळा शिक्का व्हता. मांडवाचा सामान घेऊन मी त्या हाटेलात मागल्या दारानं दोनदा गेलोय. तिथं बाहेर येणाऱ्या पोरांच्या हाताला बघितला व्हता तो. बक्षीस देताना शिक्का मारतात काय रे?”

“मग खोलीत सांगितलं का नाहीस?”

“सांगितला असता तर तुला त्याच दिवशी ट्रंक उचलाय लावली असती. माजा गेला व्हता. तुजा पण घालवून काय मिळणार व्हता?” मग त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. “ते पांढरे हायत काय अजून?”

“फाटले. बी.कॉम. झाल्यावर.”

“बरेच टिकले.”

लोट्याची बस वळणावर दिसली. रांगेतली माणसं पुढे सरकली. दादानं डबा खांद्यावर नीट केला. मला वाटलं तो जाणार. पण तो थांबला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, “आत काय असता रे?”

मी आठवून बघितलं. काहीतरी मोठं असायला हवं होतं, निदान त्याला सांगण्यापुरतं. खोलीत तर मी आत न जाताच किती रंगवून सांगितलं होतं.

“काळोख,” मी म्हटलं. “फिरणारे दिवे. आणि आवाज.”

“बस?”

“बस.”

त्यानं मान हलवली, जशी ठेकेदारानं सांगितलेला हिशेब पटला नाही तरी हलवतात तशी. तो बसमध्ये चढला आणि खिडकीशी बसला. बस निघाली तेव्हा त्यानं बाहेर बघितलं नाही. त्याची दुसरी पाळी होती. माझी रत्नागिरीची गाडी अजून लागायची होती.